वेष, वस्त्रे आणि पद : एका रूढ विधानाची चिकित्सा

१

सामाजिक इतिहासावरील आपल्याकडील प्रबंधांत एक विधान हटकून आढळते. ते असे की, वेष हे समाजस्थितीचे प्रतिबिंब होय. हे विधान इतके सर्वमान्य झाले आहे की, ते एकदा करून टाकल्यावर पुढे काही सिद्ध करावयाचे उरले आहे असे अभ्यासकांस वाटेनासे होते. मग त्या प्रकरणात पागोट्यांचे प्रकार येतात, लुगड्यांच्या काठांची नावे येतात, दागिन्यांची यादी येते, आणि अखेरीस समाजातील उच्चनीचता वेषात प्रतिबिंबित झाली होती असा निष्कर्ष काढून प्रकरण संपते. जे आरंभी गृहीत धरले तेच शेवटी हाती लागते.

यात पूर्वसूरींचा दोष नाही. डॉ. मोतीचंद्र यांचा 'प्राचीन भारतीय वेशभूषा' हा हिंदी ग्रंथ १९५० साली आणि डॉ. गो. स. घुर्ये यांचा भारतीय वेषावरील इंग्रजी ग्रंथ १९५१ साली प्रसिद्ध झाला. कोणत्या काळी, कोणत्या प्रांतात, कोण काय नेसत असे, हे निश्चित करणे ही त्या पिढीची निकड होती आणि ती तिने भागविली. परंतु पाया घातल्यावर त्यावर भिंत उभारावयाची असते. वेष कसा होता हे कळल्यानंतरचे प्रश्न निराळे आहेत. तो वेष करण्याचा अधिकार कोणी दिला? कोणाला तो नाकारला गेला? आणि नाकारला गेलेला वेष एखाद्याने धारण केला तेव्हा काय घडले? आरशाच्या उपमेत या तिन्ही प्रश्नांना जागा नाही. कारण आरसा काही देत नाही आणि काही हिरावूनही घेत नाही.

प्रस्तुत लेखात अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर या आपल्या परिसराच्या आधाराने व मराठ्यांच्या इतिहासातील काही सुपरिचित प्रसंगांच्या साहाय्याने या विधानाची चिकित्सा करण्याचा हेतू आहे.

२

वेष आणि पद यांचा संबंध सांगताना चीनच्या साम्राज्याचे उदाहरण नेहमी पुढे केले जाते, आणि ते योग्यही आहे. इतका काटेकोर वेषविधी क्वचितच कोठे झाला असेल. हान वंशाच्या संस्थापकाने व्यापाऱ्यांना रेशमी वस्त्रे वापरण्याची बंदी केली होती. मिंग राजवटीने १३९१ साली अधिकाऱ्यांच्या अंगरख्यावर छातीस व पाठीस चौकोनी भरतकामाची पदचिन्हे लावण्याचा नियम घातला. मुलकी अधिकाऱ्यास पक्ष्याचे चिन्ह आणि लष्करी अधिकाऱ्यास पशूचे, आणि त्यातही श्रेणीपरत्वे पक्षी व पशू वेगळे. पुढे चिंग काळात टोपीवरील मण्यावरूनही श्रेणी ओळखता येत असे.

हे सारे वाचून आपल्या विद्यार्थ्याची समजूत होते की, चीनमध्ये वेष म्हणजे पदाचे प्रतिबिंब. परंतु त्याच इतिहासातील दुसरे प्रसंग पाहावेत. इसवी सनापूर्वी ३०७ मध्ये चाओ राज्याच्या वू-लिंग राजाने घोडदळाच्या सोयीसाठी उत्तरेकडील भटक्या टोळ्यांचा आखूड अंगरखा व विजार आपल्या लोकांस घालावयास लावली, तेव्हा त्याला दरबारातील वडीलधाऱ्यांशी दीर्घ वाद करावा लागला. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या अखेरीस उत्तर वेई वंशाच्या सम्राटाने याच्या उलट केले. स्वतः परकीय कुळातला असून त्याने आपल्याच जमातीच्या वेषास मनाई केली आणि चिनी वेष सक्तीचा केला. १६४५ मध्ये मांचू राज्यकर्त्यांनी चिनी पुरुषांनी डोक्याचा पुढील भाग मुंडून मागे वेणी राखावी असा हुकूम काढला. तो मोडणाऱ्यास देहदंड होता, आणि त्या हुकुमाविरुद्ध शहरेच्या शहरे उठली. १९११ च्या क्रांतीत तीच वेणी कापणे हे राज्यपालटाचे चिन्ह ठरले.

या प्रसंगांत वेष काही दाखवीत नाही. तो काही घडवितो. शिवाय निर्बंधाचे हुकूम पुनःपुन्हा काढावे लागले, ही गोष्ट संशोधकाने विसरू नये. जो नियम सर्व पाळतात तो पुनःपुन्हा सांगावा लागत नाही. मनाईचा हुकूम हा जितका सत्तेच्या इच्छेचा पुरावा असतो तितकाच तो लोकांच्या अवज्ञेचाही पुरावा असतो. मनाईहुकमाच्या आधारे 'त्या काळी अमुक लोक अमुक वस्त्र वापरीत नसत' असे लिहिणारा अभ्यासक पुराव्याचा उलटा अर्थ लावीत असतो.

३

आता आपल्या परिसराकडे वळू. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील शिलालेखामुळे निश्चित कालाचे आहे. उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील मुम्मुणि राजाचा तो काळ. मंदिराच्या बाह्य भिंतींवर देवता, सुरसुंदरी, तपस्वी, सेवक यांच्या मूर्तींची दाटी आहे, आणि अकराव्या शतकातील कोकणाची वेषभूषा या मूर्तींवरून सांगण्याचा मोह होणे साहजिक आहे. हा मोह आवरला पाहिजे. मूर्तिकार देवतेचे अलंकार व वस्त्रे शिल्पपरंपरेच्या संकेतानुसार कोरतो. नेसूचे वस्त्र तो पुष्कळदा मांडीवरील काही कोरीव रेषांनी आणि कटिबंधाने सूचित करतो. कटिसूत्र, हार व केयूर मात्र तपशिलाने घडवितो. त्यावरून मंदिराबाहेरच्या वाटेने जाणारा शेतकरी काय नेसत होता हे समजत नाही. भिंतीवरच्या सुरसुंदरीच्या अंगावर उत्तरीय नसले तर त्या काळी स्त्रिया उत्तरीय घेत नसत हे सिद्ध होत नाही, इतकी साधी गोष्टही काही प्रबंधांतून सुटलेली दिसते.

परंतु याच राजघराण्याच्या लेखांतून निराळाच पुरावा मिळतो, आणि तो अधिक मोलाचा आहे. शिलाहार राजे स्वतःस 'समधिगतपंचमहाशब्द महामंडलेश्वर' म्हणवितात. पाच विशिष्ट वाद्ये वाजविण्याचा मान त्यांना प्राप्त झाला होता असा त्याचा अर्थ. त्यांच्या बिरुदांत सुवर्णगरुडाच्या ध्वजाचाही उल्लेख येतो. म्हणजे सामंताची श्रेणी येथे अभिमानाने सांगितली जाते ती कानांनी ऐकावयाच्या आणि दुरून पाहावयाच्या चिन्हांवरून. अंगावरच्या वस्त्राला त्या बिरुदावलीत स्थान नाही. पदचिन्हाच्या जवळ जाणारी एक वस्तू प्राचीन ग्रंथांत आढळते. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त कपाळावर बांधावयाच्या सुवर्णपट्टाचे वर्णन असून राजा, राणी, युवराज व सेनापती यांच्या पट्टास किती शिखा असाव्यात हे तेथे सांगितले आहे. परंतु तो पट्ट सोन्याचा आहे, वस्त्र नव्हे.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. वस्त्राने पद सांगणे ही सर्व समाजांतील सार्वकालिक व स्वाभाविक प्रवृत्ती आहे असे आपण मानतो. पण प्रत्येक राज्यव्यवस्था आपली पदभाषा निवडते. कोठे ती वाद्यांची असते, कोठे ध्वजाची, कोठे छत्रचामरांची. वस्त्र ही दरबाराची प्रमुख पदभाषा आपल्याकडे केव्हा व कोणत्या मार्गाने झाली, हा इतिहासाचा प्रश्न आहे. मानवी स्वभावाचा नाही.

४

त्या प्रश्नाचे उत्तर मराठी भाषेतील एका अनेकवचनात दडलेले आहे. 'पेशवाईची वस्त्रे मिळाली', 'वस्त्रे साताऱ्याहून आणविली' असे आपण इतिहासात सहज वाचतो. येथे 'वस्त्रे' म्हणजे कापड नव्हे, नेमणूक होय. खिलत देण्याची प्रथा इस्लामी दरबारांतून, सुलतानी व मोगल राजवटींच्या द्वारे दख्खनमध्ये आली आणि मराठी राज्याने ती आत्मसात केली. खिलतीचे पारचे तीन, पाच, सात अशा चढत्या संख्येने मान सांगत. मराठीत त्यासाठी 'वस्त्रे', 'सिरपाव', 'पोशाख' असे शब्द रूढ झाले. एफ. डब्ल्यू. बकलर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे मत मांडले की, राजाने दिलेले वस्त्र अंगावर घेणारा राजदेहाचाच एक अंश होतो. बर्नार्ड कोन यांनी १९८९ मधील आपल्या निबंधात इंग्रज अधिकाऱ्यांनी या विधीचा कसा विपर्यास केला, देवघेवीच्या नात्याला ते केवळ मोबदल्याचा व्यवहार कसे समजले, हे दाखविले. या मतांची कसोटी मराठी साधनांवर पाहणे उपयुक्त ठरेल.

पहिला प्रसंग १२ मे १६६६ चा, आग्र्याचा. बादशहाच्या वाढदिवसाच्या दरबारात शाहजादे, वजीर जाफरखान व जसवंतसिंग यांना खिलती दिल्या गेल्या. शिवाजी महाराजांना दिली गेली नाही. समकालीन राजस्थानी पत्रांवरून दिसते की, महाराजांच्या संतापाचे हे एक प्रत्यक्ष कारण होते. परंतु त्याच पत्रांत पुढील घटनाही आहे. नंतर त्यांची समजूत घालून खिलत देऊ केली तेव्हा त्यांनी ती अंगावर घेण्यास साफ नकार दिला. न मिळालेले वस्त्र हा अपमान होता. उशिरा मिळणारे वस्त्र स्वीकारणे ही शरणागती झाली असती. अंगावरचे कापड मनुष्याची पायरी केवळ दाखविणारे असते तर दुसऱ्या नकाराचा अर्थच लागत नाही.

दुसरा प्रसंग १७७३-७४ चा. नारायणरावांच्या खुनानंतर रघुनाथरावांना साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे मिळाली. पुढे बारभाईंनी त्यांच्याविरुद्ध फळी उभारली, आणि एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाल्यावर, मूल अवघे चाळीस दिवसांचे असता, त्याच्या नावाने वस्त्रे आणविली गेली. चाळीस दिवसांच्या अर्भकाच्या अंगाला पेशव्याचा पोशाख बसणार नाही, हे नाना फडणीसांस व सखारामबापूंस ठाऊक नव्हते असे नाही. वस्त्रे अंगासाठी नव्हतीच. पद वस्त्रांत होते, आणि ज्याच्या नावाने ती आली त्याच्याकडे राज्याचा अधिकार गेला. १७९६ मध्ये तर एकाच वर्षात आधी चिमाजीअप्पांना व नंतर त्यांचे बंधू दुसरे बाजीराव यांना वस्त्रे दिली गेली. छत्रपती साताऱ्यास नामधारी झाले होते असे आपण म्हणतो, आणि सत्तेच्या दृष्टीने ते खरे आहे. पण ज्या घराण्याच्या हाती काही उरले नव्हते त्याच्या हातून कापड घेतल्यावाचून पुण्याच्या कारभाऱ्यांचे चालत नव्हते, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

तिसरा प्रसंग जून १७९२ चा. महादजी शिंदे यांनी दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांसाठी 'वकील-इ-मुतलक' या पदाचे फर्मान व खिलत पुण्यास आणली. रिकाम्या सिंहासनापुढे पेशव्यांनी मुजरा केला, नजर ठेवली, आणि शेजारच्या तंबूत जाऊन ती वस्त्रे अंगावर घेतली. या समारंभास नाना फडणीसांचा विरोध होता, आणि तो निव्वळ मत्सरापोटी होता असे मानण्याचे कारण नाही. साताऱ्याची वस्त्रे ज्याच्या अंगावर आहेत त्याने दिल्लीची वस्त्रे घालावीत काय, हा राज्याच्या घटनेचा प्रश्न होता. म्हणूनच छत्रपतींची संमती घेणे आवश्यक ठरले. एका देहावर दोन स्वामींचे कापड चढले की निष्ठेचा पेच उभा राहतो. हा पेच प्रतिबिंबाच्या भाषेत मांडता येत नाही.

बकलर यांचे मत या तीन प्रसंगांत अंशतः टिकते. आग्र्याचा नकार त्याने उलगडतो. परंतु पुरंदरावरील वस्त्रांच्या बाबतीत देणाऱ्याच्या देहात घेणारा सामावला असे म्हणणे कठीण आहे. तेथे घेणाऱ्यांनीच देणाऱ्याला आपल्या कामासाठी वापरले. मराठी साधनांनी या उपपत्तीत हीच दुरुस्ती सुचविली आहे. गावपातळीवर पाटलाच्या मानाचे पागोटे, लग्नातील आहेर, आणि आजच्या सभासमारंभांतील शाल व श्रीफळ ही याच प्रथेची लहान भावंडे होत. आपल्या विभागातील सत्कारसमारंभात शाल कोणाच्या हस्ते आणि कोणत्या क्रमाने दिली जावी यावर जो खल होतो, तो या दृष्टीने मुळीच क्षुल्लक नव्हे.

५

वस्त्र देता येते, म्हणूनच ते नाकारताही येते. या दुसऱ्या बाजूचे सुस्पष्ट उदाहरण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. सोनारांनी ब्राह्मणी पद्धतीने निऱ्या सोडून धोतर नेसणे व अभिवादनात 'नमस्कार' शब्द वापरणे यास पुण्याच्या पेशवे सरकारने मनाई केली. तो वाद मुंबईपर्यंत पोहोचला आणि ऑगस्ट १७७९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारनेही सोनारांस 'नमस्कार' शब्दाची बंदी करणारा ठराव केला. डॉ. घुर्ये यांनी जातिसंस्थेवरील आपल्या १९३२ च्या ग्रंथात या प्रकरणाची नोंद घेतली आहे.

या प्रकरणातील वस्तू लक्षात घ्याव्यात. धोतर दोघांचेही; कापड तेच, लांबी तीच, किंमतही कदाचित तीच. भेद होता तो केवळ निरीचा. चिनी निर्बंध रेशमावर, रंगावर, भरतकामावर होते. म्हणजे बहुधा ज्याला पैसे पडतात अशा गोष्टींवर. आपल्याकडील निर्बंध पुष्कळदा नेसण्याच्या पद्धतीवर होता, आणि ती फुकट असते. श्रीमंतीने चढता येऊ नये अशी ही शिडी होती. मोगलकालीन उत्तर हिंदुस्थानात जाम्याचे बंद हिंदू डाव्या काखेत व मुसलमान उजव्या काखेत बांधीत. कन्फ्यूशियसच्या संवादांतही डावीकडे आवळलेला अंगरखा हे रानटीपणाचे लक्षण म्हणून येते. एका बंदाच्या दिशेवर समाज केवढा भार टाकतो हे यावरून दिसते.

स्त्रियांच्या बाबतीत नकार अधिक कठोर होता. विधवा ब्राह्मण स्त्रीचे लाल आलवण हे वस्त्र तिला दिले जात नव्हते. तिच्यावर घातले जात होते. केशवपनाच्या प्रथेवर हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीने जो प्रहार केला त्याची तीव्रता यातच आहे की, तेथे वेषांतर हा देहावरील बलात्कार म्हणून वाचकास जाणवतो. आलवण वैधव्याचे 'प्रतिबिंब' होते असे लिहिणे म्हणजे त्या बळजबरीला निसर्गनियमाचे रूप देणे होय. शब्दांची निवड येथे केवळ शैलीचा प्रश्न राहत नाही.

६

आता तिसरा प्रश्न : नाकारलेला वेष धारण केला तर काय होते? याचे प्रचलित उत्तर डॉ. मै. ना. श्रीनिवास यांनी कूर्ग लोकांवरील आपल्या १९५२ च्या ग्रंथातून दिले. खालच्या गणल्या गेलेल्या जाती वरच्या जातींचे आचार, विधी व राहणी स्वीकारून आपले स्थान उंचावू पाहतात; या प्रक्रियेस त्यांनी 'संस्कृतीकरण' म्हटले. सोनारांच्या धोतरास हे वर्णन कदाचित लागू पडेल. पण ते सर्वत्र लावण्याची जी सवय आपल्या अभ्यासकांस जडली आहे, तिची तपासणी व्हावयास हवी.

डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे सत्याग्रह परिषद भरली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. त्यानंतर परिषदेस आलेल्या स्त्रियांपुढे बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांना लुगडे गुडघ्यापर्यंत आखूड न नेसता वरिष्ठ वर्गातील स्त्रियांप्रमाणे नेसण्यास आणि गळ्यातील व हातांतील जाड दागिन्यांचे ओझे टाकून देण्यास सांगितले. ज्या वेषावरून अस्पृश्यता दुरूनच ओळखू येते तो वेष सोडा, असा त्या उपदेशाचा आशय होता. स्त्रियांनी तो लगेच आचरणात आणला.

वरवर पाहता हे संस्कृतीकरणाचे नमुनेदार उदाहरण भासते, कारण वरिष्ठ जातीची नेसण्याची रीत उचलली गेली आहे. परंतु संस्कृतीकरणाच्या मुळाशी एक गृहीत असते : चढणारा मनुष्य शिडी मान्य करतो, त्याला फक्त पायरी बदलावयाची असते. महाडला त्या शिडीला मान्यता देणारा ग्रंथच अग्नीच्या स्वाधीन झाला होता. दोन कृती एकाच परिषदेच्या निमित्ताने, अवघ्या काही दिवसांच्या अंतराने घडल्या असता, पहिलीचा विसर पाडून दुसरीचा अर्थ लावणे ही पद्धतीची चूक आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. शिडी मान्य नव्हती तर वरिष्ठ स्त्रियांचीच रीत का निवडली? याचे उत्तर असे की, हेतू पावित्र्य मिळविण्याचा नव्हता; खूण पुसण्याचा होता. ज्या समाजात एका वर्गाचा वेष 'सर्वसाधारण' मानला जातो आणि बाकीच्यांचे वेष 'ओळखीचे' असतात, तेथे ओळख टाळावयाची तर सर्वसाधारण मानला गेलेला वेषच घ्यावा लागतो. यात त्या वर्गाची पूजा नाही. त्याच्या मक्तेदारीचा अंत आहे. डॉ. आंबेडकरांचा स्वतःचा कोट, विजार व टाय हा वेष तर वर्णव्यवस्थेच्या कोणत्याच पायरीवर बसत नाही. गावोगावच्या पुतळ्यांत तो निळ्या कोटाच्या रूपाने स्थिरावला, याचा अर्थ लोकांना तो नीट समजला होता. संस्कृतीकरणाच्या उपपत्तीला मात्र तो आजही समजावून सांगावा लागतो.

७

या विवेचनानंतर उल्हासनगरकडे पाहिले असता ते निव्वळ 'नकलेचे शहर' राहत नाही. दुसऱ्या महायुद्धकाळातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासितांची वस्ती झाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या काळात तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधमध्ये हिंदूंत आमिल व भाईबंद असा भेद होता. अमिरांच्या दरबारी नोकरी करणारे आमिल दरबारी मुसलमानी धर्तीचा पोशाख करीत, आणि व्यापारी भाईबंदांचा वेष निराळा असे. छावणीत दोघांच्या वाट्यास सारख्याच बराकी आल्या. ज्या दरबाराने वेष दिला तो केव्हाच गेला होता. आता ज्या समाजाने तो ओळखावयाचा तोही विखुरला. तेव्हा येथे कपड्याचा धंदा वाढला, याचे स्पष्टीकरण केवळ व्यापारी वृत्तीत शोधणे अपुरे आहे. शिवणयंत्र बराकीत मावते, भांडवल थोडे लागते, आणि घरातील प्रत्येक हाताला काम मिळते.

याच परिसरात शहाड येथे १९५६ पासून सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्यात कृत्रिम रेशमाचे सूत निघू लागले. ज्या झळाळीसाठी एका साम्राज्याने व्यापाऱ्यांवर बंदी घातली होती, ती लाकडाच्या लगद्यापासून तयार होऊन बाजारात आली. पुढे जीन्सच्या शिलाईचा व धुलाईचा धंदा येथे इतका फोफावला की, देशभरच्या बाजारांत उल्हासनगरचा माल जाऊ लागला. 'मेड इन यूएसए' याचा 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा विस्तार करणारा विनोद सर्वांस ठाऊक आहे. या विनोदात जो उपहास आहे त्याची जात ओळखावी. कपडा वाईट आहे असे तो म्हणत नाही. ज्याने घालू नये तो हा घालतो आणि ज्याने शिवू नये तो हा शिवतो, असे त्याचे म्हणणे आहे. १७७९ च्या ठरावामागील भावना हीच होती.

तथापि येथे विवेक हवा. दुसऱ्याचे नाव छापून ग्राहकास फसविणे आणि दुसऱ्याचा वेष धारण करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली लबाडी आहे. तिचे समर्थन समतेच्या नावाने होऊ शकत नाही. दुसरी हक्क आहे. टीकाकार या दोहोंना 'नक्कल' या एकाच शब्दात बांधतात आणि पहिलीचा कलंक दुसरीस लावतात. दुसरे असे की, स्वस्त जीन्सची किंमत कोणी तरी अन्यत्र मोजली आहे. धुलाईच्या कारखान्यांचे रंगीत पाणी वालधुनीत जात राहिल्याने न्यायालयांना व हरित लवादास लक्ष घालावे लागले. अंबरनाथच्या त्या प्राचीन मंदिराशेजारून वाहत येणारी नदी ती हीच. वेषाच्या समतेचा विचार करणाऱ्याने घालणाऱ्याच्या बरोबरीने धुणाऱ्याचा व रंगविणाऱ्याचा हातही पाहिला पाहिजे.

बदलापूर आणि अंबरनाथहून मुंबईस जाणाऱ्या चाकरमान्यांच्या संदर्भात 'पांढरपेशा' हा शब्द विचारात घ्यावा. सफेद पोशाखावरून बनलेला हा शब्द मराठीत एका संपूर्ण वर्गाचे नाव झाला. वेषाने वर्गाला नावच द्यावे असे उदाहरण याहून चांगले कोणते? आज सकाळच्या लोकलमध्ये तो शब्द कपड्यांवरून लावता येत नाही. जीन्स कारकुनाच्या अंगावर आहे आणि कारागिराच्याही. परंतु वेषभेद संपला असे मानणे घाईचे होईल. पहारेकरी, सफाई कामगार, घरपोच माल पोहोचविणारा तरुण यांच्या अंगावर गणवेश आहे. त्यांना कामावर ठेवणाऱ्याच्या अंगावर मनाजोगे कपडे आहेत. साम्राज्यांच्या काळी चिन्हांकित वेष हा वरच्याचा मान होता. आज तो बहुधा खालच्याची खूण आहे. ठेकेदाराने दिलेल्या सदऱ्यावर कंपनीचे नाव असते, पण वस्त्रे देणाऱ्याने घ्यावयाची जबाबदारी त्यासोबत येतेच असे नाही. हा बदल आरशाच्या उपमेने टिपता येणार नाही. देणारा, नाकारणारा आणि घेणारा या तिघांचा विचार केल्यानेच तो दिसतो.

८

तेव्हा पदव्युत्तर अभ्यासकांनी वेषावरील प्रबंधात पुढील तीन पथ्ये पाळावीत असे सुचवावेसे वाटते. मूर्ती व चित्रे यांच्या आधारे वेष सांगताना शिल्पसंकेत आधी तपासावा. मनाईहुकूम हा आज्ञापालनाचा पुरावा न समजता संघर्षाचा पुरावा समजावा. आणि वेष बदलणाऱ्याच्या हेतूचा निर्णय करताना त्याच्या इतर कृतींची साक्ष काढावी. 'अनुकरण' हा शब्द निष्कर्ष म्हणून यावा, गृहीत म्हणून नव्हे.

आपल्या परिसरात या दृष्टीने करण्याजोगे काम पुष्कळ आहे. बराकींत पहिली शिवणयंत्रे चालविणाऱ्या पिढीतील थोडी माणसे अद्याप हयात आहेत. त्यांच्या हिशेबाच्या वह्या व तोंडी हकिकती मिळविल्या पाहिजेत. बदलापूरच्या आसपासच्या आगरी, ठाकूर व कातकरी वस्त्यांतील वृद्ध स्त्रियांनी भातलावणीच्या चिखलात सोयीचे असे आखूड लुगडे केव्हा व कोणाच्या सांगण्यावरून सोडले, हे त्यांच्याच शब्दांत टिपून घेतले पाहिजे. त्या बदलास शाळा कारण झाली, कारखाना झाला, चळवळ झाली की केवळ बाजार, हे आज आपण गृहीत धरतो; विचारून घेतलेले नाही. ती माणसे आहेत तोवरच हे काम होण्याजोगे आहे.